डावीकडची

९ जानेवारी

आजवर सांगण्यासारखं जे काही घडलं ते मी छोटीला सांगत आले. आजचं सगळं छोटीबद्दलच आहे, त्यामुळे सांगायला कुणी उरलं नाही. म्हणून ही वही.

वही नवी, तिला आमच्याबद्दल काहीच ठाऊक नाही. तर आधी ओळख करून देते. मी आणि छोटी जुळ्या. मी थोडी अगोदर आले म्हणून मी मोठी, ती मागून आली म्हणून छोटी. आईनं मारलेल्या हाका, त्याच चिकटल्या. शाळेत आम्ही इतक्या सारख्या होतो की एकीच्या खोडीचा मार दुसरीला बसायचा. पुढे मी हाकेप्रमाणे मोठी होत गेले आणि ती हाकेप्रमाणे छोटी. मी हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुणाऱ्या लॉन्ड्रीत काम करते. ती वजन कमी करण्याच्या एका सेंटरमध्ये, दारातल्या टेबलाशी बसते. घरी आम्ही दोघी आणि आई.

आज फोटो काढले. सेंटरच्या मॅडमना एकाच बाईचे आधीचे आणि नंतरचे फोटो हवे होते. अशी बाई त्यांच्याकडे अजून काही तयार झालेली नव्हती. “तुमच्या घरात तर दोन्ही आहेत की!” असं त्या छोटीला म्हणाल्या म्हणे. छोटी अशी काकुळतीला आली की मी हो म्हटलं. आलेल्या बायकांना दाखवायच्या फाइलपुरतेच फोटो आहेत, त्यात काय एवढं?

मला बिनबाह्यांचा निळा बनियन दिला. मोठे दिवे बंद करून वरची एकच ट्यूब ठेवली. फोटोवाला म्हणाला, “हसू नका.” मॅडम म्हणाल्या, “पोट आत ओढू नका हो. सोडा. अजून सोडा.” मी सोडलं. मग तोच बनियन छोटीनं घातला, सगळे दिवे लावले आणि तिला हसायला सांगितलं.

बनियन अंगात घालताना ती म्हणाली, “किती गरम आहे गं!” माझ्या अंगाची ऊब त्यात राहिली होती. ती डोळे मिटून, दोन्ही हात स्वतःभोवती गुंडाळून तशीच उभी राहिली. फोटोवाल्याला दोनदा हाक मारावी लागली.

२१ जानेवारी

फाइल कसली! चौकात, माझी बस थांबते तिथेच, इमारतीएवढा फलक लागलाय. माझी बेंबी बसच्या चाकाएवढी. डावीकडे मी, खाली लिहिलंय ‘आधी’. उजवीकडे छोटी, ‘नंतर’. मधे लाल बाण. तो माझ्या पोटातून निघतो आणि तिच्याकडे जातो. वर मोठ्या अक्षरांत: ‘तीच बाई. नवं आयुष्य.’

मी बसमधून उतरायचंच विसरले.

लॉन्ड्रीत माझ्यासोबत चादरींच्या घड्या घालतात त्या काकू, आम्ही सगळे त्यांना घडीवाल्या काकूच म्हणतो. चादरीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. त्या मला निरखत म्हणाल्या, “फलकावरची तूच ना गं?”

छोटीला मी वचन दिलंय, कुणाला बोलायचं नाही. मी म्हटलं, “माझ्यासारखी दिसते खरी.”

“हनुवटीवरच्या तिळासकट? बरं, तू उजवीकडची कधी झालीस? आणि परत डावीकडची कधी झालीस? मी रोज तुझ्यासमोर उभी असते, मला कसं दिसलं नाही?”

मी हसून वेळ मारून नेली. काकू हसल्या नाहीत.

३० जानेवारी

लोक ओळखतात. पण ओळखतात म्हणजे काय, ते कसं लिहू? आज बसमध्ये एका अनोळखी बाईनं माझ्या दंडावर हात ठेवला. माणूस गेलेल्या घरी ठेवतात तसा. म्हणाली, “होतं असं. धीर सोडू नका. एकदा जमलंय ना, परत जमेल.”

परवा औषधांच्या दुकानातला माणूसही असंच बोलला. त्याच्या डोळ्यांत कीव होती, आणि थोडा रागही. मी त्याला फसवल्यासारखा.

आज मी त्या बाईला म्हणाले, “हो, प्रयत्न चाललाय.” बोलून गेले आणि मग वाटलं, खरंच मी कधीतरी तशी होते. घरी येईपर्यंत मी ते दिवस आठवत बसले. छोटीचं ते हसू माझ्या तोंडावर कसं वाटायचं, जिना चढताना हलकं कसं वाटायचं. थोडंफार आठवलंसुद्धा. मग आपल्याच डोक्याची भीती वाटली.

८ फेब्रुवारी

छोटीच्या शिस्तीचं मला कौतुक वाटतं. थंडी एवढी नाही तरी ती दोन स्वेटर घालते, पण पहाटे उठायला चुकत नाही. मोरीचं दार लावून जागच्या जागी धावते. धप, धप, धप, धप. सुरुवातीला मला वाटायचं वरच्या मजल्यावर कुणी काही कुटतंय. आता त्या आवाजावरच मी उठते. माझ्या अंगात तिच्या निम्मी जरी चिकाटी असती!

जेवायला ती आमच्याबरोबर बसते, पण सेंटरमध्ये खाऊन आलेली असते. बसते माझ्यासमोर. मी खाते तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत राहते. मी घास चावते तेव्हा तिचा जबडाही हलतो. मी गिळलं की तिचा गळा खालीवर होतो.

“अजून घे ना,” ती मला म्हणते. “पाव लोण्याशिवाय काय खातेस? लाव लोणी. अजून लाव.”

किती जीव लावते. आई मात्र आज ताटावरून मधेच उठून गेली. आईला हल्ली काय होतं कळत नाही.

१६ फेब्रुवारी



छोटी डबा विसरून गेली होती. माझी दुपारची सुट्टी होती, म्हणून द्यायला गेले. मॅडमनी मला सेंटरकडे फिरकायला बंदी केली आहे, आम्ही दोघी एकत्र दिसायला नकोत ना. म्हणून मागच्या दारानं गेले. आतल्या हॉलमध्ये खुर्च्यांवर बायका बसल्या होत्या, आणि छोटी समोर उभी राहून बोलत होती. काचेच्या दाराला पडदा होता. मी त्याच्या आड थांबले. भिंतीवर माझा फोटो होता, दारापेक्षा उंच.

“मी अशी होते,” छोटी म्हणाली आणि पट्टीनं माझ्या पोटाला शिवली. “लॉन्ड्रीत काम करायचे. ओल्या चादरींच्या ट्रॉल्या ढकलायचे. घामानं डबडबायचे. एका मुलाकडचे लोक बघायला आले होते. त्यांनी माझ्यापेक्षा माझ्या खुर्चीकडेच जास्त बघितलं. ते गेल्यावर मी गच्चीवर जाऊन रडले, कपडे वाळत घातलेल्या दोरीखाली.”

ते मी फक्त तिला सांगितलं होतं.

तिनं एकेक करून सगळं सांगितलं. माझ्या मांड्या घासून होणारी आग. बसमध्ये शेजारी कुणी बसत नाही ते. माझ्या तोंडून निघालेले शब्द जसेच्या तसे. आणि सगळं ‘होतं’, ‘असायचं’, ‘करायचे’. जणू मी जाऊन बराच काळ लोटलाय आणि कुणीतरी माझ्या आठवणी सांगतंय. बायका डोळे पुसत होत्या. मीही.

शेवटी एकीनं विचारलं, “मग ती बाई कुठे गेली?” छोटी हसली. “ती आता नाही,” म्हणाली. “ती गेली.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डबा दाराशी ठेवून मी बाहेर आले. रस्त्यातून चालताना लोक मला चुकवून बाजूनं जात होते, तेव्हा कुठे पटलं की मी त्यांना दिसते आहे.

१७ फेब्रुवारी

डबा परत आला. जसा दिला तसाच, झाकणही न उघडलेला. घाईत राहून गेलं म्हणाली.

५ मार्च

मी ठरवलंय. कुणाशी भांडायचं नाही, वाद घालायचा नाही. डावीकडची नाहीशी झाली की प्रश्नच मिटला. मग जी उरेल ती एकच, आणि लोक म्हणतील तेही खरं होईल.

कसं चाललंय ते लिहीत नाही. चाललंय. पट्ट्याला नवं भोक पाडलं, तेव्हा खोटं कशाला लिहू, गाणं म्हणावंसं वाटलं. ट्रॉली जड लागते, पण चाकांना तेल नसेल. काकू सारख्या विचारतात, “काय गं, हात का थरथरतायत?” चादरीची चार टोकं जुळवताना माझ्याकडचं टोक हलतं आणि ती थरथर सगळ्या कापडातून त्यांच्यापर्यंत पोचते, असं त्या म्हणतात.

मोरीच्या जाळीत आज केसांचा गोळा अडकला होता. आईनं तो बोटांनी ओढून काढला, निघता निघेना. “कोणाचे आहेत गं एवढे?” आमचे केस सारखेच. रंग सारखा, लांबी सारखी. मी छोटीकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं. 

१३ मार्च

आजचा दिवस सोन्याचा! मी खिडकीशी पाठमोरी उभी होते. आई आली आणि म्हणाली, “छोटे, दूध उतू जातंय, बघ जरा.”

मी वळले. आईचा चेहरा एकदम पांढरा पडला. “तू आहेस होय,” म्हणाली आणि तिथेच स्टुलावर बसली. पदरानं तोंड झाकून रडायला लागली. इतका आनंद तिला मी पहिल्यांदाच दिला असेन. दूध उतू गेलं ते गेलंच.

संध्याकाळी छोटी आली, तिला हे सांगितलं. मला वाटलं मिठी मारेल. तिनं माझे खांदे धरले. बोटं अशी रुतली की वळ उठले.

“तू नाही बारीक व्हायचंस,” म्हणाली. “कळलं? तू नाही.”

“का? तूच एकटीनं सुंदर दिसायचं का?”

“तू आहेस तिथे राहा. मोठे, तुझ्या पाया पडते, तू तिथेच राहा.”

मत्सर. दुसरं काय! रात्रीच्या जेवणाला तिनं माझ्या ताटात वाढून ठेवलं आणि मी खात नाही बघून ती ओक्साबोक्शी रडली. मी पाणी पिऊन उठले. जिंकल्यासारखं वाटलं, आणि आत काहीतरी पोकळ वाजलं.

२० मार्च

चादरी इस्त्री करणारं मोठं यंत्र असतं आमच्याकडे. दोन तापलेले रोलर, त्यांच्या मधून चादर ओढली जाते. एकीनं कडा सरळ धरून आत द्यायची आणि हात वेळेवर काढायचा. इतकी वर्षं मी हे डोळे झाकून करत आले. आज खरंच डोळे झाकले गेले. चादर पांढरी, वाफ पांढरी, मग सगळंच पांढरं. काकूंनी माझी कॉलर धरून मागे खेचलं. बोटांची टोकं तेवढी भाजली. आणखी जरा उशीर झाला असता तर हा मजकूर लिहायला उजवा हात नसता.

जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या आणि फटकळ. बोटांना मलम लावलं. मला वाटलं आता काट्यावर उभं करतील, आणि मला ते हवंही होतं, कुणीतरी शाबासकी द्यावी म्हणून. त्यांनी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. विचारत राहिल्या. पाळी येते का? मी म्हटलं, हल्ली नाही. झोप? जिना चढताना काय होतं? पूर्वी किती ओझं उचलायचात?

“ओल्या चादरींची अख्खी पिशवी,” मी म्हटलं.

“आणि आता?”

“काकू मदत करतात.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “चौकातल्या फलकावर तुम्ही आहात ना?”

का कोण जाणे, तोंडातून खरं बाहेर पडलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. “डावीकडची मी. उजवीकडची माझी बहीण आहे. आम्ही जुळ्या.”

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, “फोटोवरून कुणाचा आजार सांगू नये. पण त्या फलकाखालून मी रोज जाते, आणि उजवीकडच्या बाईला बघून मला चैन पडत नाही. तिला माझ्याकडे घेऊन या. लवकर. डावीकडची चांगली ठणठणीत होती. तिचं तुम्ही हे काय करून ठेवलंत?”

भल्या बाई आहेत, पण डाव्या-उजव्यात त्यांची गल्लत झाली असावी. समोरून बघताना होते कधीकधी.

२१ मार्च

छोटीला सांगितलं. ती खूप हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, “परत विचारलं तर सांग, बहीण परगावी गेली.” आणि स्वेटरवर तिसरा स्वेटर चढवला.

२ एप्रिल

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. आई आत आहे.

आज पहाटे मी जागी झाले आणि का जागी झाले ते कळेना. मग लक्षात आलं, धप धप आवाज थांबलाय. अर्ध्यातच थांबलाय. मोरीचं दार आतून लावलेलं. हाका मारल्या. आई म्हणाली, “आंघोळ करत असेल,” पण तिचाही आवाज फाटला. मी खांद्यानं दार ढकललं. पूर्वी एका धडकेत उघडलं असतं. आज कितीदा आपटले तेव्हा कडी निघाली.

ती फरशीवर कुशीवर पडली होती. तिला उचलायला मी वाकले, पाय रोवले, ओल्या चादरींची पिशवी उचलताना रोवते तसे. आणि उचललं तर माझाच तोल मागे गेला. हातात काहीच नव्हतं. स्वेटर होते. स्वेटरांच्या आत कुठेतरी ती होती.

तिच्या पाठीवर, मानेवर बारीक पांढरट लव उगवलीय, पिलाच्या अंगावर असते तशी. एका घरात राहतो, एका खोलीत झोपतो, ती मला कधी दिसली नाही. तिचे डोळे अर्धे उघडे होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्यामागे कुणीतरी उभं असावं तिकडे बघत होती.

एवढंसं वजन, तरी ते घेऊन मला जिना उतरवेना. मधल्या वळणावर बसावं लागलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि माझे गुडघे असे लटपटत होते की तिचे दात वाजत होते. आई वरून विचारत होती, “काय झालं? का थांबलात? का थांबलात गं दोघी?”  दोन महिन्यांपूर्वी मी तिला पळत खाली नेलं असतं.

इथल्या नर्सनी नाडी मोजली, आणि पुन्हा मोजली. हृदय फार हळू चालतंय म्हणाल्या. दवाखान्यातल्या त्या डॉक्टरीणबाई इथेही येतात. त्यांनी मला बघितलं, पण त्या एका शब्दानंही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता कळलं की डाव्या-उजव्यात कुणाची गल्लत झाली होती.

९ एप्रिल

छोटी आज बोलली. नळ्या लावलेला हात पांघरुणावर होता. मी तो धरला, तर मासळीसारखा गार.

“तू मॅडमकडे मला मारून टाकलंस,” मी म्हणाले. मनात होतं ते असं एकदम बाहेर आलं.

“हो,” ती म्हणाली. “ते बोलताना मला काही वाटायचं नाही, कारण घरी आले की तू असायचीस. जेवत बसलेली. मला वाटायचं, तू खातेस ना, मग मी खाल्ल्यासारखंच आहे. कुठेतरी मी धडधाकट आहे, फिरतेय, चादरी उचलतेय. तू होतीस म्हणून मी हे करू शकले.”

मी पांघरूण तिच्या हातावर ओढलं.

“मग तू बारीक व्हायला लागलीस. मोठे, मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. एक दिवस परत फिरायचं असं मी ठरवलं होतं गं. तू गेलीस तर मी परत यायचं कुठे?”

नर्स जेवण घेऊन आली. सूप, पाव, उकडलेलं अंडं. माझ्यासाठीही एक ताट होतं. डॉक्टरीणबाईंची ऑर्डर, म्हणाली, दोघींनी खायचं. छोटी अंड्याकडे अशी बघत होती जणू ते तिच्याकडे बघतंय. मीही काही वेगळी नव्हते. पहिला घास तोंडात घेतला आणि माझ्या आत कुणीतरी किंचाळलं, थुंक! मी गिळला. छोटी बघत होती. मी म्हटलं, “माझ्या खाण्यावर तुझं भागणार नाही आता. तुझं तू.” फार वेळ गेला. सूप निवलं. मग तिनं चमचा उचलला.

१४ एप्रिल

मॅडम येऊन गेल्या. फुलं घेऊन. छोटी झोपली होती. काचेतून तिला बघून म्हणाल्या, “बिचारी. जरा अतीच केलं तिनं.” मग वळल्या आणि मला नखशिखान्त न्याहाळलं. फोटोवाल्यानं न्याहाळलं होतं तसं.

“अहो, तुम्ही किती छान झालात!” त्या म्हणाल्या. “आता बहिणीची गरजच नाही. आधीची तुम्हीच आणि नंतरचीही तुम्हीच. आता तर खरंच तीच बाई. पुढच्या आठवड्यात या, दिवे लावून ठेवते.”

लिहायचं तर खरं लिहावं. क्षणभर मला आनंद झाला. काचेत माझं प्रतिबिंब छोटीच्या पलंगावर पडलं होतं, तिच्या चेहऱ्यावर माझा चेहरा नेमका बसला होता, आणि मला पटकन वाटलं, किती छान दिसतेय. कोण, ते कळलं नाही. मग तिनं झोपेत मान हलवली आणि माझा चेहरा तसाच राहिला.

मॅडमना मी म्हणाले, “येते.”

१८ एप्रिल

गेले. फोटोसाठी नाही, बायका जमतात त्या वेळेला. मागच्या दारानं नाही, पुढच्या. मॅडम बोलत होत्या. मी जाऊन माझ्या त्या दाराएवढ्या फोटोच्या शेजारी उभी राहिले.

“ही मी,” मी म्हणाले. “मी कुठेही गेलेली नाही. ती दुसरी माझी जुळी बहीण आहे आणि ती हॉस्पिटलात आहे. या फोटोतल्या बाईला मी परवापर्यंत नावं ठेवत होते. ही ओल्या चादरींची पिशवी एका झटक्यात उचलायची. हिला रात्री झोप लागायची. मी आता तशी नाही. आता मला बहिणीला जिन्यावरून खाली नेता येत नाही.”

मॅडम “वेडी आहे, वेडी आहे” म्हणत दिवे बंद करायला धावल्या. कशासाठी कोण जाणे. अंधारात खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. एक बाई चिडून म्हणाली, “मग आम्ही इतके महिने काय केलं?” एक जण रडत होती. दोघी उठून सरळ बाहेर पडल्या.

मी जिना उतरत होते तेव्हा मागून कुणीतरी धावत आलं. बसमध्ये माझ्या दंडावर हात ठेवणारी तीच बाई. मला वाटलं धीर द्यायला आली. तिनं इकडेतिकडे बघितलं, तोंड माझ्या कानाजवळ आणलं.

“ते सगळं ठीक आहे हो,” ती कुजबुजली. “पण तुम्ही इतक्या लवकर इतक्या बारीक झालात कशा? मला तेवढं सांगा ना.”

घरी पोचेपर्यंत तिचा श्वास माझ्या कानात होता.

१२ मे

छोटी घरी आली. वजन करताना नर्स तिला काट्याकडे पाठ करून उभी करायची, आकडा फक्त डॉक्टरांनी बघायचा. मी माझ्याबद्दल विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आकडा माझ्यापाशी राहू दे. तुम्ही मला सांगा, जिन्याच्या मधल्या वळणावर थांबावं लागतं का?”

आता नाही लागत. काल पाळी आली. मी मोरीत उभी राहून एकटीच हसले, वेड्यासारखी. बरगड्या हाताला लागेनाशा झाल्या आहेत आणि ते कळलं की अजून काळजात धस्स होतं. रोज होतं. मग मी कामाला जाते. काकू म्हणाल्या, “आज टोक हललं नाही गं.”

छोटी सेंटर सोडून घरी असते. पहाटे ती जागी असते, मलाही कळतं. दोघी डोळे मिटून पडून राहतो. तिचे पाय पांघरुणात हलतात, चालल्यासारखे. मी तिचा घोटा धरून ठेवते. काही दिवशी ती पाय झटकते आणि मला शिव्या घालते. आई चहा ठेवते, मग उठतो.

फलक उतरवला. आता तिथे दुसरे दोन फोटो आहेत, मधे तोच बाण. बस थांबली की मी दोन्ही चेहरे निरखून बघते. एकच आहे की दोघी आहेत, काही केल्या कळत नाही.

२५ जून

डॉक्टरीणबाईंनी छोटीला रोज थोडंसंच चालायला सांगितलंय, जास्त नाही. ‘जास्त नाही’ हे सांभाळायला मी बरोबर जाते. आज तळ्यापर्यंत गेलो. कडेच्या बाकावर बसलो. पाण्यावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. एक होडी कुठेतरी असावी, वल्ह्याचा आवाज यायचा, होडी दिसायची नाही.

छोटी धुक्याकडे बघत होती. गेले कित्येक दिवस ती जेवते ते औषध घेतल्यासारखं. ताट समोर येतं, ती डोळे मिटते, संपवते. मी तेवढ्यावर समाधानी आहे असं तोंडानं म्हणते.

एकाएकी कुणीतरी म्हणालं, “भूक लागलीय.”

मी दचकून आजूबाजूला बघितलं. धुक्यात कुणी नव्हतं. आवाज जाड होता, किरकिरा, शाळेतून घरी आल्यावर आम्ही दप्तर फेकायचो तेव्हाचा. छोटी ताठ बसली होती. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते. तिथे काहीतरी हललं होतं आणि ती त्याची चाहूल घेत होती. भीती आणि आश्चर्य दोन्ही तिच्या चेहऱ्यावर, आणि डोळे पाण्यावर.

“मोठे,” ती म्हणाली, “मी बोलले का ते?”

“हो.”

“मला भूक लागलीय.”

पिशवीत केळी होती. एक सोलून मी तिच्या हातात दिलं आणि तळ्याकडे तोंड करून बसले. खाताना तिच्याकडे बघायचं नाही, हे मी ठरवून ठेवलं होतं. धुक्यात होडीवाला कुणाला तरी हाक मारत होता. माझ्या शेजारी ती सावकाश खात होती, मधेच थांबत होती, पुन्हा खात होती. नंतर तिनं माझ्याकडे न बघताच पिशवीत हात घातला आणि दुसरं केळं शोधायला लागली.